जुना प्रिन्स ऑफ पर्शिया आज पहिल्यांदा खेळताय? इन्स्टॉल करण्यापासून जाफरपर्यंत सगळं

नव्वदीत ज्यांनी कॉम्प्युटर क्लासला फी भरली डॉसची आणि शिकले प्रिन्स, त्यांच्यासाठी हा लेख नाहीये, त्यांना सगळं पाठ आहे. हा त्यांच्या पोरांसाठी, भाच्यांसाठी आणि ज्यांनी तेव्हा नुसतं मागे उभं राहून बघितलं, स्वतःला कीबोर्ड कधी मिळालाच नाही त्यांच्यासाठी. गेम साधा दिसतो, एका स्क्रीनवर तीन मजले, पांढऱ्या कपड्यातला एक माणूस, पण नवीन माणूस पहिल्या दहा मिनिटांत चारदा खिळ्यांवर पडतो आणि "कंट्रोल बेकार आहेत" म्हणून बंद करतो. कंट्रोल बेकार नाहीयेत, वेगळे आहेत, आणि ते का वेगळे आहेत हे कळलं की निम्मं काम झालं.

गोष्ट दोन ओळींची आहे. सुलतान लढाईवर गेलाय, वजीर जाफरने राजकन्येला एक तास दिलाय, लग्न कर नाहीतर मर. तुम्ही तळघरात कैद. तुमच्याकडे ६० मिनिटं, १२ लेव्हल, आणि सुरुवातीला तलवारसुद्धा नाही.

१. आधी नक्की कुठला प्रिन्स ते ठरवा

हे सगळ्यात आधी सांगतोय कारण लोक भलतंच डाउनलोड करतात आणि मग यूट्यूबवरचा व्हिडिओ बघून म्हणतात माझ्याकडे तर असं काही दिसतच नाहीये.

मूळ गेम जॉर्डन मेकनरने ॲपल टू या घरगुती कॉम्प्युटरसाठी बनवला, १९८९ मधे ब्रॉडरबंड कंपनीने अमेरिकेत काढला. डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसीच्या सिस्टमवर, आला १९९० मधे, आणि आपल्याकडे क्लासमधे, ऑफिसच्या पीसीवर, फ्लॉपीतून फ्लॉपीत फिरला तो हा डॉसवाला. या लेखात जे काही लिहिलंय ते डॉसवाल्याबद्दल.

सुपर निन्टेंडोचा १९९२ चा प्रिन्स वेगळा आहे, त्यात २० लेव्हल आणि १२० मिनिटं आहेत, नकाशे पण बदललेत. २००७ साली एक्सबॉक्सवर प्रिन्स ऑफ पर्शिया क्लासिक नावाने नवीन ग्राफिक्सवाला रिमेक आला, तोही हा नव्हे. आणि सँड्स ऑफ टाइम तर पूर्ण वेगळा थ्रीडी गेम. तर व्हिडिओ बघताना पण आधी डॉस लिहिलंय का ते बघा.

२. काय काय लागेल

- कुठलाही पीसी किंवा लॅपटॉप, दहा-पंधरा वर्षं जुना असला तरी धावेल
- खराखुरा कीबोर्ड. फोनवर टच बटणांनी हा गेम खेळू नका, त्यात पावलापावलाचा हिशोब आहे आणि काचेवर बोट सरकलं की संपलं
- नंबरपॅड असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ७ आणि ९ ने तिरकी उडी एका बटणात मारता येते. नसेल तर वरचा आणि बाजूचा बाण एकत्र
- वही-पेन. हसू नका. कुठल्या खोलीतली जमिनीतली कुठली पट्टी पाय ठेवल्यावर कुठलं दार उघडते हे लिहून ठेवलं तर दुसऱ्या वेळेला पाच मिनिटं वाचतात
- हेडफोन किंवा स्पीकर. दार बंद होताना खडखडतं, सैल लादी हलताना वाजते, हे आवाज कामाचे आहेत, म्यूट करून खेळू नका

३. गेम चालू करा

तीन रस्ते आहेत.

पहिला, नुसतं बघायचंय कसा आहे ते. इंटरनेट आर्काइव्हवर जुने डॉस गेम ब्राउझरमधेच चालतात, त्यात हा पण आहे. काही इन्स्टॉल नको. पण एक गंमत होते, गेमची कंट्रोलवाली बटणं आणि ब्राउझरची बटणं यांची मारामारी होते. गेममधे कंट्रोल आणि आर दाबलं की नव्याने सुरुवात, ब्राउझरमधे तेच दाबलं की पान रिफ्रेश, म्हणजे सगळंच गेलं. कंट्रोल आणि एल ने सेव्ह उघडायला जाल तर कर्सर ॲड्रेस बारमधे जाऊन बसतो. त्यामुळे हा रस्ता अर्ध्या तासाच्या ओळखीपुरता ठीक, पूर्ण गेम याच्यावर काढायच्या भानगडीत पडू नका.

दुसरा, माझ्या मते सगळ्यात बरा, एसडीएलपॉप. हा चाहत्यांनी बनवलेला ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला प्रोजेक्ट आहे, डॉसचा मूळ प्रोग्राम उलगडून तो आजच्या मशीनसाठी पुन्हा लिहिलाय, त्यामुळे उडीचं अंतर, पहारेकऱ्याची सवय, सगळं जसंच्या तसं. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर त्याच्या रिलीजमधून झिप घ्यायची. इथे पहिला सापळा: झिप उघडून आतल्या आत डबल क्लिक करू नका, आधी पूर्ण फोल्डर बाहेर काढा, एक्स्ट्रॅक्ट करा, मगच चालवा. नाहीतर चित्रांच्या आणि लेव्हलच्या फाइल त्याला सापडत नाहीत आणि तो एरर देऊन बंद पडतो. ऑल्ट आणि एंटर दाबलं की फुल स्क्रीन.

तिसरा रस्ता डॉसबॉक्स, आजच्या मशीनवर डॉस चालवणारा प्रोग्राम, तुमच्याकडे जुनी फ्लॉपी किंवा सीडीवरून घेतलेला मूळ गेम असेल तर. डॉसबॉक्स टाका, माउंट कमांडने गेमचा फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडा, त्यात शिरा आणि प्रिन्स टाइप करून एंटर. खूप फास्ट किंवा स्लो वाटला तर कंट्रोलबरोबर एफ ११ ने स्पीड कमी, एफ १२ ने जास्त. मूळ गेमला एक कुलूप आहे हे माहिती असू द्या, पहिली लेव्हल संपली की एका खोलीत नेतो, तिथे बाटल्यांवर अक्षरं असतात, आणि छापील मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर आहे ती प्यायची. मॅन्युअल नसेल तर गेम तिथेच अडतो, आणि आपल्याकडच्या कॉप्यांबरोबर मॅन्युअल कोणाला मिळालं होतं म्हणा! एसडीएलपॉपमधे ही खोली मुळातच बंद ठेवलेली असते.

आणि हो, गेम जुना आहे म्हणजे फुकट झाला असं नाही, हक्क अजून चालू आहेत. ॲपल टू वाल्याचा सोर्स कोड मात्र मेकनरने २०१२ मधे स्वतः गिटहबवर टाकला. त्याच्या हरवलेल्या डिस्क त्याच्या वडिलांना घरात सापडल्या आणि त्यातून तो काढला. ज्यांना असेंब्ली या प्रोग्रामिंग भाषेची आवड आहे त्यांनी तो जरूर चाळावा.

४. खेळायच्या आधी शिफ्टचं दुखणं मिटवा

हे कुठल्याच गाइडमधे लिहिलेलं नसतं. या गेममधे शिफ्ट हे सगळ्यात महत्त्वाचं बटण आहे आणि विंडोजमधे शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज चालू करू का म्हणून खिडकी उघडते. आता विचार करा, पहारेकरी समोर, तुम्ही शिफ्ट शिफ्ट शिफ्ट वार करताय आणि ऐन वेळेला ती खिडकी उघडून गेम मागे जातो. परत येईपर्यंत तुम्ही आडवे. विंडोजच्या सेटिंगमधे ॲक्सेसिबिलिटी, तिथे कीबोर्ड, तिथे स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद करून टाका. एक मिनिटाचं काम आहे, आत्ताच करा.

आता बटणं:

- डावा-उजवा बाण: धावणे
- शिफ्ट धरून बाण: एक सावध पाऊल
- वरचा बाण: जागच्या जागी उडी, वरचा कठडा पकडून चढणे
- वर आणि बाजू एकत्र: लांब उडी
- खालचा बाण: बसणे, कठड्याकडे पाठ करून दाबलं तर खाली उतरणे, लढताना तलवार म्यान
- शिफ्ट: बाटली पिणे, तलवार उचलणे, पडताना कठडा पकडणे, लढताना वार
- स्पेस: किती वेळ उरला
- एस्केप: थांबा
- कंट्रोल आणि ए: लेव्हल पहिल्यापासून
- कंट्रोल आणि जी: सेव्ह

५. आधी चालायला शिका, धावू नका

आता तो कंट्रोल बेकारवाला मुद्दा. मेकनरने १९८५ मधे आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंग लॉटमधे पळायला, उड्या मारायला, चढायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं, मग त्यातली एकेक फ्रेम ट्रेस करून प्रिन्सची हालचाल बनवली. म्हणून तो खऱ्या माणसासारखा हलतो. पण म्हणूनच तो बटण सोडल्याक्षणी थांबत पण नाही. चालत्या लोकलमधून उतरलेला माणूस जसा चार पावलं पळतच जातो तसा हा पुढे घसरतो आणि मग थांबतो. मारिओ खेळून आलेला माणूस कड्याजवळ बटण सोडतो, त्याला वाटतं थांबेल, आणि प्रिन्स शांतपणे खाली जातो.

उपाय शिफ्ट. शिफ्ट धरून बाण दाबला की तो एक पाऊल टाकतो. कड्यापाशी आलं की तो पाय पुढे काढून चाचपतो आणि मागे घेतो. नीट बघा, हे गेम तुम्हाला सांगतोय की इथे कडा आहे. या चाचपण्यानंतर परत दाबलं तर मात्र तो खरंच पाऊल टाकतो आणि पडतो. म्हणजे इशारा एकदाच मिळतो.

पहिल्या लेव्हलमधे घड्याळाकडे बघूच नका. अर्धा तास नुसतं हे करा: सावध पावलांनी कड्यापर्यंत जा, एक पाऊल मागे या, उभ्या उभ्या उडी मारून बघा किती लांब जाते, मग लांबून धावत येऊन उडी मारा, पडताना शिफ्ट धरून समोरचा कठडा पकडा, वर चढा, पाठ करून खाली उतरा. धावत उडी मारताना बटण कड्यावर पोचल्यावर नाही, जरा आधी दाबायचं, कारण उडीच्या आधीचं पाऊल पण तो पूर्ण करतो. हे हाताला बसलं की पुढचा गेम सोपा आहे असं मी म्हणणार नाही, पण न्याय्य वाटायला लागतो.

पडण्याचा हिशोब लक्षात ठेवा: एक मजला पडलं तर काही होत नाही, दोन मजले पडलं तर एक त्रिकोण जातो, तीन मजले पडलं तर खेळ खलास. खाली डाव्या कोपऱ्यात लाल त्रिकोण दिसतात तो तुमचा जीव, सुरुवातीला तीन. आधी कठड्याला लटकून मग हात सोडला तर तेवढी उंची कमी होते, ही युक्ती कायम वापरायची.

६. घड्याळ आणि सेव्हची भानगड

मेलात तर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, कितीही वेळा मरा, पण वेळ परत मिळत नाही. ६० मिनिटं सगळ्या गेमची मिळून आहेत. दर पाच मिनिटांनी स्क्रीनवर आकडा येतो आणि नवीन माणूस तो बघून घाबरून पळायला लागतो, मग मरतो, मग अजून वेळ जातो. रस्ता माहिती असलेल्या माणसाला ६० मिनिटं भरपूर आहेत. रस्ता माहिती नसलेल्याला कितीही पुरणार नाहीत, त्यामुळे पहिला खेळ रस्ता शोधायचा, जिंकायचा नाही.

सेव्ह तिसऱ्या लेव्हलपासून होतं, त्याआधी नाही. आणि इथे मोठा सापळा: सेव्ह तुमची जागा ठेवत नाही, फक्त लेव्हल नंबर, लेव्हलच्या सुरुवातीचे त्रिकोण आणि दाबलं त्या क्षणी उरलेला वेळ. म्हणजे लेव्हलमधे दहा मिनिटं भटकून, दारापाशी पोचून सेव्ह केलंत तर परत उघडल्यावर तुम्ही लेव्हलच्या सुरुवातीला आणि ती दहा मिनिटं गेलेली. म्हणून नवीन लेव्हल सुरू झाल्या झाल्या, पहिलं पाऊल टाकायच्या आधी, कंट्रोल आणि जी. नंतर सुरुवातीच्या टायटलवर कंट्रोल आणि एल ने ते उघडतं. त्या लेव्हलमधे कितीही वेळ घालवा, कितीही मरा, रस्ता पाठ झाला की सेव्ह उघडा आणि तीच लेव्हल तीन मिनिटांत काढा. माझ्या मते हा गेम जिंकायची हीच खरी पद्धत आहे.

एसडीएलपॉपमधे एफ ६ ने जागेवर सेव्ह आणि एफ ९ ने परत, अशी सोय जास्तीची दिलीय, पण दर वेळेला एफ ९ दाबलं की वेळेतून एक मिनिटापर्यंत दंड कापतो. शिकायला चांगलं, पण शंभर वेळा दाबाल तर वाट लागेल.

७. सापळे आणि बाटल्या

खिळे: धावत गेलात किंवा वरून पडलात तर मेलात, सावध पावलांनी चालत गेलात तर काही होत नाही, खिळ्यांच्या मधून आरामात जाता येतं.

सैल लाद्या: पाय ठेवला की हलते आणि पडते. कुठली सैल आहे ते कळत नसेल तर जागेवर उभी उडी मारा, त्या ओळीतल्या सैल लाद्या खडखडतात. डोक्यावर पडली तर एक त्रिकोण जातो, त्यामुळे वरची लादी उडी मारून पाडायची असेल तर पाडून लगेच बाजूला व्हा. रस्ता संपल्यासारखा वाटला की आधी छताकडे संशय घ्यायचा, बऱ्याचदा वाट वरूनच असते.

कात्री: वर-खालून मिटणारी पाती. तिच्या अगदी पुढ्यात सावध पावलांनी उभे राहा, दोन-तीनदा मिटताना बघा, ठेका पकडा, पाती उघडली की जा. दोन कात्र्या लागोपाठ असतील तर मधे थांबायची जागा आहे का ते आधी बघा. धावत जायचा मोह होतो, त्याने अर्धे अर्धे होता, अक्षरशः.

जमिनीतल्या पट्ट्या: काही दार उघडतात, काही बंद करतात. जाळीचं दार उघडलं की थोडा वेळ थांबतं आणि मग हळूहळू खाली येतं. बंद करणारी पट्टी वाटेत दिसली तर तिच्यावरून उडी.

बाटल्या डॉसच्या रंगीत व्हर्जनमधे बुडबुड्यांवरून ओळखता येतात. लाल बुडबुडे, छोटी बाटली: एक त्रिकोण भरतो. लाल, मोठी बाटली: कायमचा एक त्रिकोण वाढतो आणि सगळे भरतात, ही कधीच सोडू नका, हिच्यासाठी वाकडी वाट करावी लागली तरी करा. निळे बुडबुडे: विष, एक त्रिकोण जातो. हिरवे: काहीतरी चमत्कारिक, ते पुढे येतंच.

८. तलवारबाजी

तलवार हातात नसताना पहारेकऱ्यासमोर गेलात तर एका वारात खेळ संपतो, त्रिकोण कितीही असोत. हेच तलवार म्यान केल्यावर पण लागू, त्यामुळे लढताना खालचा बाण चुकून दाबू नका.

ही लढाई मेकनरने १९३८ च्या रॉबिन हूड सिनेमातल्या एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोनच्या द्वंद्वावरून ट्रेस केली, म्हणून त्यात वार आणि अडवणं यांची लय आहे. शिफ्ट वार, वरचा बाण अडवणं, बाण पुढे-मागे. अडवलं की लगेच शिफ्ट, हा एकच ठेका पहिल्या चार-पाच पहारेकऱ्यांना पुरतो. नुसतं शिफ्ट बडवत बसाल तर थोडे हुशार पहारेकरी प्रत्येक वार अडवून उलटा देतात.

दुसरी युक्ती, मागे सरा. एक पाऊल मागे गेलात की तो पुढे येतो, आणि पुढे येण्याच्या क्षणाला तो उघडा असतो, तेव्हा वार. आणि जागा बघा, त्याच्या मागे कडा किंवा कात्री असेल तर त्रिकोण मोजत बसायची गरज नाही, ढकलत न्या. पण हेच तुमच्या मागे पण असू शकतं.

९. लोक कुठे अडकतात, लेव्हलवार

सगळ्या लेव्हलचा नकाशा देत नाही, मजा जाईल. फक्त जिथे डोक्याला शॉट लागतो तेवढंच.

*पहिली:* पहारेकरी लवकर दिसतो, पण तलवार तुमच्याकडे नाही. त्याच्या नादी लागू नका, आधी खालच्या भागात फिरून तलवार शोधा. मग परत या.

*तिसरी:* इथे कोपऱ्यात पडलेला हाडांचा सांगाडा अचानक उठून उभा राहतो आणि तलवार काढतो. त्याला मारताच येत नाही. त्रिकोणच नाहीत त्याला. लोक दहा दहा मिनिटं वार करत बसतात. वार करत करत त्याला कड्यापर्यंत रेटायचं आणि खाली पाडायचं, आणि त्याच्या मागे जायचं नाही, आपल्या वाटेने निघायचं. या लेव्हलमधे दिलासा एवढाच की अर्ध्या रस्त्यानंतर मेलात तर पार सुरुवातीला न जाता मधूनच सुरू होतं, गेममधे असं फक्त इथेच आहे.

*चौथी:* तळघर संपून महाल सुरू होतो, रंग बदलतात, बरं वाटतं. लेव्हलमधून बाहेर पडायचं दार उघडून परत येता तेव्हा वाटेत एक मोठा आरसा उभा असतो जो जाताना नव्हता. नवीन माणूस तो आरसा चुकवायला दुसरी वाट शोधत बसतो. दुसरी वाट नाही. लांबून धावत या आणि सरळ आरशात उडी मारा. पलीकडे तुमची सावली बाहेर पडते आणि विरुद्ध दिशेला पळून जाते, आणि तुमचा फक्त एक त्रिकोण उरतो. गेम बिघडला नाहीये, असंच आहे.

या सावलीची एक गंमत सांगतो. ॲपल टू च्या मेमरीत नवीन शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. मग टोमी पिअर्स या सहकारी मैत्रिणीने मेकनरच्या मागे लकडा लावला आणि त्याने प्रिन्सचीच चित्रं वापरून हा सावली-माणूस केला. जागेच्या टंचाईतून गेमचं सगळ्यात भारी पात्र निघालं.

*पाचवी:* मोठी बाटली दिसते, तुम्ही पळत जाता आणि सावली येऊन ती पिऊन टाकते. शिव्या द्या आणि पुढे व्हा.

*सहावी:* जाड्या पहारेकरी. त्याच्याशी घाई करू नका, अडवणं इथे खरंच जमलं पाहिजे. शेवटी पलीकडे परत सावली उभी असते, तुम्ही उडी मारायला जाता आणि ती पट्टीवर पाय ठेवून दार बंद करते, तुम्ही खाली पडता. रिस्टार्ट करू नका! हे पडणं म्हणजेच सातव्या लेव्हलची एंट्री आहे.

*सातवी:* हिरव्या बाटलीने पडणं हळू होतं. ती प्यायल्यावर लगेच उंचावरून उडी घ्यायची असते, असर थोडाच वेळ टिकतो.

*आठवी:* बाहेरचं दार उघडता आणि परत येताना जाळीचं दार बंद, तुम्ही कोंडलेले. पट्टी नाही, सैल लादी नाही, काहीच नाही. इथे बहुतेक लोक कंट्रोल आणि ए दाबतात, आणि परत तीच लेव्हल खेळून परत तिथेच येतात. काही करू नका. उभे राहा. थोड्या वेळाने राजकन्येने पाठवलेला पांढरा उंदीर तुरुतुरु येतो, पट्टीवर चढतो आणि दार उघडतं.

*नववी:* एक हिरवी बाटली प्यायलात की स्क्रीन उलटी होते, छत खाली जमीन वर. मॉनिटर बिघडलेला नाही. आधीच सांगतोय म्हणून हसाल, पण पूर्वी लोकांनी या नादात कॉम्प्युटर बंद केलेत. जमलं तर तसंच खेळा, नाहीतर लेव्हल रिस्टार्ट केली की सरळ होते.

दहावी-अकरावीत नवीन असं काही नाही, अकरावीत सैल लाद्या भरपूर, थांबलात की पडलात, एवढंच.

*बारावी:* बुरुज चढत चढत वर जायचं, इथे पडलं तर खूप खालपर्यंत. वर सावली परत येते आणि तलवार काढते. तुम्ही तिला वार करा, त्रिकोण तुमचाही जातो. तिला मारलंत तर तुम्हीही मरता. इथे खालचा बाण दाबून तलवार म्यान करा. ती पण म्यान करते. मग सरळ तिच्या अंगावर चालत जा, दोघं एक होतात. पुढे दरी येते, पलीकडे जायला काहीच दिसत नाही, उडी पोचत नाही. उडी नाही मारायची, धावायचं. पायाखाली लाद्या आपोआप उमटत जातात. सावलीशी एक न होता इथे आलात तर मात्र काही उमटत नाही.

१०. चीट वापरायचे का

शिकायला वापरा, लाज कसली. डॉसमधे गेम चालू करताना नुसतं प्रिन्स न लिहिता प्रिन्स, मग स्पेस, मग मेगाहिट लिहिलं, अर्थात इंग्रजी स्पेलिंगने, आणि गेम सुरू केला की चीट चालू होतात. एसडीएलपॉपच्या सेटिंगमधे पण तो पर्याय आहे. मग शिफ्ट आणि टी ने त्रिकोण वाढतो, के ने समोरचा पहारेकरी आडवा, अधिकच्या चिन्हाने वेळ वाढतो, शिफ्ट आणि एल ने पुढची लेव्हल.

शेवटच्या बटणाबद्दल सावध. पहिल्या तीन लेव्हलमधे शिफ्ट आणि एल चीट न लावता पण चालतं, त्यामुळे कोणीतरी सांगतं की दाब, लेव्हल उडव. पण चीट नसताना ते दाबलं की उरलेला वेळ झटक्यात १५ मिनिटांवर येतो. ४५ मिनिटं त्या एका बटणात गेली, आणि हे स्क्रीनवर कोणी ओरडून सांगत नाही, स्पेस दाबलं की मगच कळतं.

११. जाफर

दरी ओलांडून दारातून आत गेलात की वरून लाद्या कोसळायला लागतात. थांबू नका, हा एकच तुकडा असा आहे जिथे मी धावा म्हणेन. पुढे जाफर. तो बाकीच्यांपेक्षा चांगला लढतो, पण ठेका तोच, मागे सरा, येऊ द्या, अडवा, वार. इथे पोचेपर्यंत मोठ्या बाटल्या सोडल्या नसतील तर चुका करायला जागा असते, सोडल्या असतील तर प्रत्येक वार जपून.

तो पडला की स्क्रीन लखलखते, दार उघडतं, जा राजकन्येकडे. मग हॉल ऑफ फेममधे नाव टाकायला मिळतं आणि क्रम लागतो तो उरलेल्या वेळेवर. पहिल्यांदा एक-दोन मिनिटं उरली तरी खूप झालं. फक्त मराठीत टाइप करायला जाऊ नका, कीबोर्ड इंग्रजीवर आणा आणि मग नाव लिहा.